ब्रिटन ईएएसएबाहेर पडल्यावर सुट्या भागांचे कागद कसे तपासावेत

युरोपीय महासंघाची विमान-सुरक्षा संस्था, म्हणजे कोलोन येथील ईएएसए, ब्रिटनने ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री सोडली, तेव्हा मुंबईत १ जानेवारीची पहाट होऊन साडेचार वाजले होते. नियमांचा मजकूर दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे जवळपास तोच राहिला, पण सही कोणाच्या अधिकाराखाली होते हे बदलले. सांताक्रूझ-कलिना भागातील दुरुस्ती केंद्रांची गफलत बहुधा इथेच होते.

काम हाती घेण्यापूर्वी विमानाचे नोंदणीचिन्ह पाहावे. 'व्हीटी' (भारतीय नोंदणी) असेल तर भारताच्या विमान-वाहतूक नियामकाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम लागू होतात. 'जी' (ब्रिटिश नोंदणी) असेल तर ईएएसएची पार्ट-१४५ म्हणजे दुरुस्ती केंद्राची मान्यता पुरत नाही, ब्रिटिश विमान-वाहतूक नियामक सीएएची स्वतंत्र मान्यता लागते. ब्रिटनने युरोपीय प्रमाणपत्रांना दिलेली दोन वर्षांची मुभा ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपली. युरोपने तेवढीही दिली नव्हती.

भागासोबत आलेला फॉर्म १, म्हणजे भाग वापरास योग्य असल्याचा दाखला (रिलीज), मात्र सावकाश वाचावा. रकाना १ मध्ये मान्यता देणारी संस्था आणि रकाना ४ मध्ये कंपनीचे नाव-पत्ता असतो. खाली डावीकडे रकाना १३ भरलेला असेल तर भाग नवा, उजवीकडे १४ भरलेला असेल तर दुरुस्त केलेला. हा भेद कळीचा आहे, कारण ब्रिटन-युरोप व्यापार करारात विमानांची रचना व उत्पादन यांच्या परस्पर मान्यतेची सोय झाली, देखभाल मात्र वगळली गेली. त्यामुळे ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुरुस्त झालेला भाग केवळ सीएएच्या फॉर्मवर 'ईआय' म्हणजे आयरिश नोंदणीच्या विमानावर बसवता येत नाही. फॉर्मचे शीर्षक पाहून समाधान मानू नये, तारीख आणि मान्यता क्रमांकही जुळवावा.

आज 'व्हीटी' असलेले भाड्याचे विमानही करार संपल्यावर युरोपीय नोंदणीत जाऊ शकते, आणि तेव्हा मालक कंपनी भागांचा प्रत्येक टॅग (फॉर्म १) मागते. म्हणून दुरुस्तीची ऑर्डर देतानाच ईएएसए आणि सीएए या दोन्ही मान्यतांचा रिलीज मागून घ्यावा. नंतर मागितल्यास तो भाग बहुधा पुन्हा शॉपमध्ये पाठवावा लागतो, आणि तो खर्च कोणी सोसायचा यावर वाद रंगतात.

अभियंत्यांनी आपला पार्ट-६६ (देखभाल अभियंत्याचा) परवाना कोणत्या देशाने दिला आहे ते पाहावे: ब्रिटिश परवान्यावर युरोपीय नोंदणीच्या विमानाचा रिलीज देता येत नाही.