मंडळाची जोखीम-यादी: एका बैठकीचं काम

उत्सव मंडळात ‘काही झालं तर बघू’ म्हणतात, आणि मांडवात ठिणगी उडाली की मेन स्विच कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

१. बैठकीत प्रत्येकाकडून निनावी चिठ्ठी घ्या: काय बिघडू शकतं? (तोंडी विचारलं तर फक्त अध्यक्षच बोलतात.)

२. शक्यता आणि नुकसान, दोन्हींना १ ते ३ गुण द्या. गुणाकार ६ किंवा जास्त आला, तेवढेच धोके आधी हाती घ्या.

३. प्रत्येक धोक्यापुढे एक काम, एकच नाव, एक तारीख. ‘वायरिंग बघणे’ असं मोघम नको. ‘आगमनाच्या आदल्या दिवशी ईएलसीबीचं (वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून वीज तुटते का पाहणे’ असं लिहा. ‘सर्वांनी मिळून’ लिहिलेलं काम होत नाही.

जिवावर बेतणारा धोका मात्र गुणाकार ३ आला तरी वगळू नका.