मुंबईवर महाकाय चिंबोरी कशी सोडावी: सोळा पानांचं स्वतःचं कॉमिक

माझ्या पहिल्या कॉमिकमधला राक्षस पान दोनवर चाळीएवढा होता, पान नऊवर सी लिंकच्या खांबाएवढा, आणि शेवटच्या पानावर नायकाने चक्क त्याच्या नाकावर बुक्की मारली. भाच्याने वाचून विचारलं, "मामा, हा वाढतोय की नुसता जवळ येतोय?" तेव्हापासून मी आधी माप घेतो, मग पेन्सिल उचलतो. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

१. राक्षस मोजून घ्या

बाजारातली अर्धा किलोची काळी चिंबोरी, म्हणजे खेकडा, घ्या. कवचाची रुंदी साधारण १५ सेंटिमीटर. ती १०० पट केली की रुंदी १५ मीटर. लोकलचा एक डबा साधारण २० मीटर लांब असतो, म्हणजे नांग्या पसरल्या की डबा तिच्या कवेत. मुंबईच्या वाचकाला मीटर सांगू नका, डबा दाखवा.

आता खरी गंमत. लांबी १०० पट झाली की पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ १०,००० पट होतं, पण वजन होतं दहा लाख पट. अर्ध्या किलोची चिंबोरी ५०० टनांची झाली आणि पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० पट भार आला. गॅलिलिओने १६३८ साली हाडांचं उदाहरण देऊन हेच दाखवलं होतं. खरं तर असा प्राणी जमिनीवर उभाच राहू शकणार नाही. पण विज्ञानकथेत एक थाप माफ असते. तिच्या पायांना थोडी जास्त ताकद द्या आणि बाकीचे नियम मात्र पाळा.

नियम पाळले की गोष्ट आपोआप सुचते. खाडीत असेपर्यंत पाणी तिचा भार उचलतं, जमिनीवर चढली की एकेक पाऊल जड. श्वास कल्ल्यांनी घेते, म्हणजे फार काळ कोरडं राहून चालत नाही. मग ती भरतीला येणार आणि ओहोटी लागली की परतणार. भरती दिवसातून दोनदा, दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती. हल्ल्याचं वेळापत्रक पंचांगात तयार आहे! ते वाचता येणारी माणसं कोळीवाड्यात आहेत, म्हणून माझी नायिका मासे विकणारी मावशी आहे, शास्त्रज्ञ तिचा मदतनीस.

२. लढाई ठरवा

पहिल्यांदा सगळ्यांना सुचतं ते म्हणजे रेल्वेची २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर. मलाही सुचलं होतं. पण शॉर्ट झालं की सबस्टेशनचा ब्रेकर क्षणात पडतो, चिंबोरी चिडते आणि हार्बर लाइन बंद. हा प्रसंग जरूर ठेवा, पण फसलेला डाव म्हणून. खरा उपाय प्राण्याच्या अंगातच शोधा. चिंबोरी वाढताना कवच टाकते, आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत ती मऊ असते, लपून राहते. तोफ कधी डागायची यापेक्षा कधीपर्यंत थांबायचं, हा प्रश्न जास्त रंगतो.

३. चौकटींची संहिता लिहा

एका पानावर पाचच्या वर चौकटी नकोत, एका फुग्यात दोन वाक्यांच्या वर बोलणं नको. माझ्या वहीतला तुकडा असा आहे:

पान ६, चौकट १: शिवडी स्टेशनचा पूल, पाऊस. माणसं छत्र्या मिटून एकाच दिशेला बघतायत. चिंबोरी अजून दिसत नाही.
चौकट २: पुलाच्या कठड्यावर फक्त एका पायाचं टोक.
चौकट ३: मावशी टोपली खाली ठेवून वाकून बघते. मावशी: "नर नाही हा. पोटाखालची पट्टी बघ, केवढी रुंद आहे."
चौकट ४: मुलगा: "म्हणजे काय, मावशी?" मावशी: "म्हणजे अंडी कुठे आहेत ते शोध, पोरा."

नर-मादी ओळखायची ही खूण खरी आहे. मासळी घेताना विचारा, बाई उलटी करून दाखवतील.

४. रेखाटन

राक्षस मोठा दिसावा म्हणून तो मोठा काढून भागत नाही. फुटपाथवर उभं राहून बघा. डोळ्याची उंची दीड मीटर धरली तर क्षितिजरेषा दीड मीटरवर. चिंबोरी उभी सहा मीटर, म्हणजे चौपट. तिचे पाय त्याच सपाट जमिनीवर असतील, तर पायापासून क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि त्याच्या चौपट उंच काढा. ती जवळ असो वा लांब, हिशेब तोच. माझा भाचा आता तो प्रश्न विचारत नाही.

बाकी सोपं आहे. लांबच्या रेषा बारीक, जवळच्या जाड. शेजारी खिडक्या, वाळत घातलेले कपडे, डिश अँटेना काढा; बारीक वस्तू जितक्या जास्त, तितकी ती अवाढव्य वाटते. शिवडीचा चिखल, तिवरं, फ्लेमिंगो आणि मागे अटल सेतू हे सगळं एका नजरेत मिळतं. रविवारी सकाळी ओहोटी बघून वही घेऊन जा.

५. अक्षरं

इथे मराठी कॉमिकवाले सर्वाधिक मार खातात. वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळींत जागा जास्त लागते. आधी मजकूर लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. युनिकोड फॉन्टच वापरा. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट मिळतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत 'वर्ल्ड-रेडी' हा अक्षरजुळणीचा पर्याय सुरू केला नाही तर जोडाक्षरं फुटतात. माझी 'शक्ती' एकदा मोडून छापली गेली होती, प्रूफ मी पाहिलंच नव्हतं. आवाज मात्र हातानेच रंगवा: खळ्ळ, कचाकच, चर्रर्र, धप्प. इंग्रजी धमाके उसने घ्यायची गरजच काय?

६. छपाई

मी प्रेसमध्ये पहिल्यांदा अठरा पानं घेऊन गेलो. काउंटरवरचे काका म्हणाले, "दोन वाढवा नाहीतर दोन काढा. चारच्या पटीत आणा." कागद मध्ये दुमडून पिन मारायची, म्हणजे एका कागदाची चार पानं होतात. सोळा पानांच्या अंकात १६ आणि १ शेजारी, त्यांच्या पाठीवर २ आणि १५. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी १७ यायला हवी. साध्या कागदांची डमी दुमडून आकडे लिहा, नाहीतर चिंबोरी मेल्यावर खाडीतून बाहेर येईल.

ए-फोर कागद दुमडून ए-फाइव्ह अंक करा. काळ्या-पांढऱ्या रेषा ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, कडेला ३ मिलिमीटर कटिंगसाठी सोडा, फुगे कडेपासून सेंटिमीटरभर आत. आत १०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा कागद, कव्हरला २५० जीएसएम आर्ट कार्ड. कागदाचे नमुने बघायला फोर्ट किंवा अब्दुल रेहमान स्ट्रीटला चक्कर मारा. आधी पन्नासच प्रती काढा, डिजिटलवर.

चिंबोरीचं पूर्ण दर्शन पान ८-९ वर ठेवा. अंकाच्या बरोबर मध्यावर ही दोन पानं एकाच कागदावर येतात, त्यामुळे चित्र जोडावर सरकत नाही. फक्त पिना कुठे बसणार ते आधी डमीवर टोचून बघा. माझ्या चिंबोरीच्या उजव्या डोळ्यातून पिन गेली, आणि पन्नासही प्रतींत ती काणीच राहिली.