साठ्याचा खेळ वर्गात घेताय? या चुका टाळा

मागणी किती येईल हे ठाऊक नसताना माल किती मागवायचा, हा प्रश्न फळ्यावर सोडवला की विद्यार्थी माना डोलावतात आणि परीक्षेत सूत्र लिहून मोकळे होतात. खेळात मात्र फासा टाकून मागणी कळण्याआधीच प्रत्येकाला ऑर्डरचा आकडा स्वतः ठरवावा लागतो. पण मांडणी फसली तर तास मजेत जातो आणि हाती काही लागत नाही.

किमती समसमान ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, फाशावर पडलेल्या दानाला 10 ने गुणून मागणी काढायची, म्हणजे 10 ते 60. विक्री किंमत 12, उरलेला माल वाया. सोपा आकडा म्हणून खरेदी किंमत 6 ठेवायचा मोह होतो. तसं केलं तर नग कमी पडो वा उरो, नुकसान 6 च; म्हणून 30 किंवा 40 नग मागवणं सर्वोत्तम ठरतं, आणि सरासरी मागणीही 35 च आहे! डोकं न चालवता मधला आकडा लिहिणारा विद्यार्थी बरोबर ठरतो.

खरेदी 3 करून पाहा. नग कमी पडला तर 9 चा नफा हुकतो, उरला तर फक्त 3 बुडतात. आता 50 मागवणं सर्वांत फायद्याचं, सरासरी नफा 250. खरेदी 9 केली की योग्य आकडा 20 वर उतरतो आणि 40 मागवणाऱ्याच्या पदरात सरासरीने शून्य पडतं. एकाच वर्गाला दोन्ही टप्पे खेळायला लावा. मॉरिस श्वाइत्झर आणि जेरार्ड कॅशॉन या संशोधकांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मागणी 1 ते 300 होती. योग्य उत्तरं होती स्वस्त खरेदीला 225 आणि महाग खरेदीला 75. लोकांनी मागवले सरासरी सुमारे 177 आणि 134. दोन्हीकडून ओढ मध्याकडेच. तुमच्या वर्गातही हे दिसण्याची शक्यता बरीच आहे, पण नग कमी पडण्याचं आणि उरण्याचं नुकसान असमान असेल तरच.

जास्त नफा करणाऱ्याला विजेता ठरवणं

खरेदी 3 असताना 50 मागवले, तर एका फेरीचा नफा उणे 30 पासून 450 पर्यंत कुठेही जाऊ शकतो. आणि 40 व 50 या निर्णयांच्या सरासरी नफ्यातला फरक? फक्त 10. म्हणजे दहावीस फेऱ्यांनंतर पहिला आलेला बहुधा नशिबाने पहिला आलेला असतो. त्यालाच टाळ्या दिल्या की वर्ग चुकीचा धडा घेऊन घरी जातो. फासा सगळ्यांसाठी एकच टाका, आणि गुण द्यायचेच असतील तर मागवलेल्या आकड्याच्या अपेक्षित, म्हणजे सरासरी, नफ्यावर द्या. त्या फेरीत काय पडलं यावर नको.

प्रत्येक फेरीला आकडा बदलू देणं

मागच्या वेळी 60 आले म्हणून पुढची ऑर्डर वाढवायची, 10 आले की कापायची. फाशाला मागचं काही आठवत नाही, हे माहीत असूनही हात वळतोच. सुरुवातीला हे होऊ द्या. नंतर प्रत्येकाने आपल्या तक्त्यात ऑर्डर कितीदा मागच्या मागणीच्या दिशेने सरकली ते मोजावं. मग एकच ऑर्डर सलग दहा फेऱ्यांसाठी बांधून टाका. बोल्टन आणि कॅटॉक या संशोधकांच्या 2008 च्या अभ्यासात अशा बंधनामुळे निर्णय सुधारले होते.

तक्त्यात ‘हुकलेली विक्री’ हा रकानाही हवाच. उरलेला माल डोळ्यांना दिसतो, परत गेलेलं गिऱ्हाईक दिसत नाही, आणि रकाना नसेल तर विद्यार्थी तो तोटा धरतच नाहीत. उरलेला माल पुढच्या फेरीत वापरता येणार नाही, हे आधीच बजावून सांगा. नाहीतर अर्धा वर्ग वेगळाच खेळ खेळत बसतो.

बिअर गेमकडून भलती अपेक्षा

अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेला हा पुरवठा साखळीचा खेळ उत्तम आहे, पण प्रश्न दुसरा. त्याच्या नेहमीच्या मांडणीत ग्राहकाची मागणी आठवड्याला 4 वरून एकदाच 8 वर जाते आणि तिथेच राहते. गोंधळ उडतो तो माल पोचायला लागणाऱ्या वेळेमुळे आणि साखळीतल्या तुटक माहितीमुळे. अनिश्चित मागणीतली एकवेळची खरेदी शिकवायची असेल तर फासाच बरा.

राहिलं सूत्र. ते आधी सांगू नका, खेळाची गंमतच जाते. दोन्ही टप्प्यांचे सगळे आकडे फळ्यावर लिहून झाले की विचारा, ‘एक नग आणखी मागवला तर काय मिळेल, काय जाईल?’ आणि या चर्चेसाठी निम्मा तास राखून ठेवा. घंटा वाजायच्या बेतात उरकलेली चर्चा न घेतल्यासारखीच.