सर्व्हेसाठी किती माणसं पुरतात?

सर्व्हे म्हटला की ‘३८५ फॉर्म भरून घ्या’ असं कुणीतरी सांगतंच. आकडा खरा आहे, पण सुरुवातीचा आहे.

तो येतो असा: ९५ टक्के विश्वास पातळीसाठीच्या (म्हणजे असे शंभर सर्व्हे केले तर साधारण ९५ मध्ये उत्तर ठरवलेल्या चुकीच्या आत राहील) १.९६ या ठरीव आकड्याचा वर्ग करा, त्याला ०.५ आणि पुन्हा ०.५ ने गुणा, मग चालवून घेण्याजोगी चूक, म्हणजे ५ टक्के किंवा ०.०५, हिच्या वर्गाने भागा. उत्तर ३८४.१६, माणूस अपूर्णांकात मिळत नाही म्हणून ३८५. ०.५ धरायचं, कारण किती जण ‘हो’ म्हणतील हे आधी ठाऊक नसतं आणि मतं निम्मी-निम्मी असतील तेव्हाच सर्वांत मोठा नमुना, म्हणजे सर्वांत जास्त माणसं, लागतात. चूक ३ टक्क्यांवर आणायची तर १,०६८ जण लागतात, १ टक्का म्हटलं तर थेट ९,६०४. चूक निम्मी, तर माणसं चौपट!

एकूण लोक लाखभर असोत की कोटभर, आकडा जवळपास तोच राहतो. समूह लहान असेल तरच सूट मिळते. ८०० जण असतील तर ३८४.१६ ला ८०० ने भागा, त्यात १ मिळवा आणि येणाऱ्या १.४८ ने ३८४.१६ ला भागा. २६० पुरतात.

खरी गोची अहवाल लिहिताना होते. ३८५ जणांचे चार वयोगट पाडले की एका गटात जेमतेम ९६ उरतात आणि चूक १० टक्क्यांवर जाते. मग एका गटात ५६ टक्के ‘हो’ आणि दुसऱ्यात ४८, हा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून ज्या सर्वांत लहान गटाबद्दल ठाम बोलायचं आहे, तिथून उलटा हिशेब करा.

वस्त्या निवडून प्रत्येकीत २० जणांना विचारणार असाल तर आणखी वाढ धरा, कारण शेजाऱ्यांची उत्तरं एकमेकांसारखी असतात. हे साम्य ०.०५ धरलं (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे तंतोतंत सारखी उत्तरं) तर २० मधून एक वजा करून १९ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे १.९५ पट: ३८५ चे ७५१. त्यातही शंभरातले ६० च उत्तर देणार असतील, तर १,२५२ जणांपर्यंत पोचावं लागेल.

एवढं करूनही नमुना कलता असेल तर मोठा आकडा वाचवत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या तिथल्या मासिकाने घेतलेल्या सर्व्हेत त्याच्याकडे वीस लाखांवर मतपत्रिका परत आल्या होत्या. भाकीत लँडन यांच्या विजयाचं होतं, निवडून आले रूझवेल्ट. बरीचशी नावं टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेली होती, शिवाय पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतं सारखी नव्हती.

हाच दोष छोट्या सर्व्हेत वेगळ्या वाटेने शिरतो. यादीतल्या घराला कुलूप दिसतं, प्रगणक शेजारचं दार वाजवतो. फॉर्म भरतो, पण दिवसभर बाहेर असणारे नमुन्यातून गळतात. बदली घर घेऊ देऊ नका. त्याच घरी निदान तीनदा, त्यातही एकदा संध्याकाळी आणि एकदा सुट्टीच्या दिवशी, जायला लावा.