पायथन २.७ अजून लागतंय? त्याची प्रत आजच घेऊन ठेवा

आमच्या पतसंस्थेचा ठेवींवरच्या व्याजाचा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ या आवृत्तीवर आणि जँगो १.११ वर (ही पायथनची वेब-लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) चालतो. पायथन ३ वर नेण्याचं काम सुरू आहे, पण मार्चअखेर त्यासाठी थांबत नाही. २.७ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. तरी ते मिळतं, आणि मिळतंय तोवर घेऊन ठेवावं.

सुरुवात चालत्या मशीनवरून करा. पिप हे पायथनच्या लायब्ररी उतरवून बसवणारं साधन; त्याची पिप फ्रीझ ही आज्ञा चालवून लायब्ररींची यादी आवृत्तीच्या आकड्यांसकट फाइलमध्ये घ्या. नुसतं ‘जँगो’ लिहून भागत नाही, १.११.२९ असं पूर्ण हवं. ही यादी हरवली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

मग पायथन डॉट ऑर्गवरून २.७.१८ उतरवा. एप्रिल २०२० ची ही शेवटची आवृत्ती. विंडोजचा इन्स्टॉलर आणि सोर्स (मूळ कोड) दोन्ही तिथे आहेत. हिशेबाच्या मशीनवर अनोळखी साइटवरची झिप कधीही टाकू नका. उबुंटू लिनक्सच्या २२.०४ मध्ये २.७ चं पॅकेज आहे, २४.०४ मधून काढलंय; तिथे पायएन्व्ह (हव्या त्या आवृत्तीचं पायथन बसवणारं साधन) वापरा.

पिप २०.३.४ च ठेवा, २१ पासून २.७ चालत नाही. आता पिप डाउनलोड या आज्ञेने यादीतल्या सगळ्या लायब्ररी एका फोल्डरमध्ये घ्या. हे त्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि २.७ नेच करा, कारण काही लायब्ररी त्या त्या सिस्टिमसाठी कंपाइल केलेल्या असतात. नंतर दुसऱ्या मशीनचं नेट काढा आणि पिपला नो-इंडेक्स (नेटवर शोधू नको) हा पर्याय देऊन त्या फोल्डरमधून सगळं इन्स्टॉल करून बघा. नेटशिवाय प्रोग्राम उठला तरच प्रत पुरी झाली असं समजा.

२.७ मध्ये नवी सुरक्षा-त्रुटी सापडली तर पायथनची मंडळी ती दुरुस्त करणार नाहीत. त्यामुळे हे मशीन इंटरनेटला उघडं ठेवू नका. सभासदांचे पैसे आहेत.

पायथन ३ वर नेताना टू-टू-थ्री (जुना कोड पायथन ३ चा करून देणारं साधन) वापरणार असाल तर ३.१२ किंवा त्याआधीचं पायथनही जपून ठेवा, ३.१३ मधून हे साधन गेलं. आणि त्याच्यावर सगळं सोपवू नका. २.७ मध्ये ५ भागिले २ म्हणजे २, पायथन ३ मध्ये २.५. राउंड या पूर्णांक करणाऱ्या फंक्शनला २.५ दिले तर २.७ मध्ये ३ येतात, पायथन ३ मध्ये २. टू-टू-थ्री यातलं काहीच सुधारत नाही. म्हणून दोन्ही आवृत्त्यांवर त्याच खात्यांचं व्याज काढून पैशापर्यंत ताळा घ्या, आणि तो जमेपर्यंत जुनी प्रत पुसू नका.