एका शब्दावरून दोन शब्दांवर: बोलू लागलेल्या मुलाशी कसं बोलावं

मूल वर्षाचं झालं, 'पाणी', 'भू भू' असे सुटे शब्द यायला लागले, की जो तो सांगतो, 'त्याच्याशी सारखं बोलत राहा.' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. शब्द कानावर पडायलाच हवेत, पण मोठी माणसं अखंड बोलत राहिली तर मुलाने बोलायचं कधी? बहुतेक मुलं दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्द जोडू लागतात. त्यासाठी रोज दहा-पंधरा मिनिटं पुढच्या रीतीने बोला. अंघोळीच्या वेळी किंवा कपडे घालताना सहज जमतं.

१. टीव्ही आणि मोबाइल बंद करा, मागे नुसता चालू असलेलाही. २००३ साली भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. समोर बसून मँडरिन चिनी बोलणाऱ्या माणसांकडून बाळं १२ बैठकांत त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावर दाखवलं, तेव्हा काहीच शिकली नाहीत.

२. जमिनीवर बसा. तुमचं तोंड त्याला समोर दिसलं पाहिजे.

३. ते ज्याकडे बघतंय, त्याबद्दलच बोला. ते चमचा आपटत असताना पुस्तकातला हत्ती दाखवू नका.

४. आता थांबा. सगळं अडतं ते इथेच. एक वाक्य बोला आणि मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजा. एवढी शांतता मोठ्यांना सोसत नाही. तिसऱ्या आकड्यालाच तोंडातून निघतं, 'बोल ना! काय म्हणतात याला?' कृपा करून हे करू नका. ऐकलेलं समजून घ्यायचं, शब्द आठवायचा, मग ओठ-जीभ जुळवायची, याला लहान मुलाला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मधेच दुसरा प्रश्न आला की आधीची जुळवाजुळव मोडते.

थांबायचं म्हणजे नुसतं गप्प बसायचं असंही नाही. किंचित पुढे झुका, भुवया उंचावा, त्याच्याकडे बघत राहा. समजा, मुलाच्या हातून पाण्याचा मग कलंडला आणि ते म्हणालं, 'पाणी.' तुम्ही म्हणा, 'पाणी सांडलं.' बस्स. आता ते जमिनीकडे बघेल, मग तुमच्या ओठांकडे, ओठ हलतील, आवाज फुटणार नाही. हाच क्षण जपायचा. आणखी तीन-चार आकड्यांनी 'सांललं' येईल, किंवा आज येणारही नाही. नाही आलं तर तेच वाक्य एकदा म्हणा आणि सोडून द्या. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' हा हट्ट तर मुळीच नको. त्याने बोलकी मुलंसुद्धा गप्प होतात.

५. मुलाच्या शब्दात एकच शब्द घाला. 'गाडी' म्हणालं तर 'गाडी गेली'. 'बघ, किती छान लाल गाडी भुर्रकन गेली' हे त्याच्या पेलण्यापलीकडचं आहे. घालायचा शब्द शक्यतो क्रियापद असावा. रंग आणि प्राण्यांची नावं पाठ करून घेण्याचा फार सोस असतो, पण नुसत्या नावांची वाक्यं होत नाहीत. आण, दे, पडला, संपलं, नको, अजून या शब्दांनी होतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि वाक्याचा शेवट मुलं पटकन उचलतात, हा फायदा घ्या.

६. चुका काढू नका. पुढे 'मी करलं', 'बाबा जाला' ऐकू येईल. मोठं कोणी असं बोलत नाही, म्हणजे ही नक्कल नव्हे. 'बसला', 'पडला' यांवरून मुलाने स्वतः नियम काढलाय. 'हो, बाबा गेला' एवढंच म्हणा.

घरात दोन भाषा असतील तर एक बंद करायची गरज नाही. त्यामुळे मूल मागे पडत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

मात्र वर्षाचं झालं तरी बोटाने दाखवत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर 'बोलेल हळूहळू' म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कान तपासून घ्या. जन्मानंतरची चाचणी ठीक आली असली तरीही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचू शकतं. दारावरची बेल त्यांना ऐकू येते, पण हळू बोललेले शब्द अस्पष्ट येतात, म्हणून घरच्यांना महिनोन् महिने शंका येत नाही.