डोमेन परस्पर दुसऱ्या रिसेलरकडे जाऊ नये म्हणून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांच्या वेबसाइट मी करतो. नवीन गिऱ्हाईक आलं की डिझाइनचं नंतर. आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते बघतो. रिसेलरच्या (डोमेन विकणाऱ्या मध्यस्थाच्या) पॅनेलमध्ये ‘रजिस्ट्रंट’, म्हणजे डोमेनचा नोंदलेला मालक, म्हणून जुन्या वेबसाइटवाल्याचं नाव आणि त्याचंच जीमेल निघालं, तर वहिवाट तुमची आणि सातबारा त्याचा. ते पहिल्यांदा बदलून घ्या.

मग आयकॅन या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर डोमेन टाका. रजिस्ट्रार, म्हणजे रिसेलरच्या वरची, डोमेन नोंदवणारी कंपनी, कोण ते कळेल आणि स्टेटसमध्ये ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ (हलवायला बंदी) दिसायला हवं. नसेल तर पॅनेलमधून लॉक लावा. ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचा पासवर्ड, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही पाठवू नका, अगदी ‘सर, पाच मिनिटांचं काम आहे’ म्हटलं तरी.

पण हे लॉक एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे जाणं अडवतं. एकाच रजिस्ट्रारखाली ढीगभर रिसेलर असतात. त्यांच्यातल्या त्यांच्यात डोमेन हलवणं म्हणजे नुसतं खातं बदलणं. तिथं लॉक, ऑथ कोड, रजिस्ट्रार बदलताना मिळणारी पाच दिवसांची मुदत यांचा सहसा संबंधच येत नाही. नेमसर्व्हर (डोमेनवरून वेबसाइट आणि मेल कुठं आहेत ते सांगणारे सर्व्हर) तेच राहिले तर वेबसाइट चालू, ऑर्डरचे मेल चालू; कळतं ते थेट नूतनीकरणाच्या वेळी. म्हणून महिन्यातून एकदा पॅनेलमध्ये शिरून डोमेन आपल्या यादीत आहे ना, ते बघायचं.

डोमेन दुसऱ्या खात्यात हलवायची विनंती आली की मंजुरी बहुतेक वेळा रजिस्ट्रंटच्या ईमेलवर मागतात. सगळा खेळ त्या ईमेलचा. तो त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन गेलं की मेलही गेला. मुनीमजींचाही नको. मालकाचा स्वतःचा, टू-स्टेप लावलेला असावा.

रिसेलरला लेखी विचारा: माझं डोमेन दुसऱ्या खात्यात टाकण्याआधी खात्री कशी करणार? ‘लेटरहेडवर सही-शिक्का घेतो’ म्हणाला तर मान डोलावू नका. तुमचं लेटरहेड प्रत्येक कोटेशनबरोबर गावभर फिरतंय. नोंदवलेल्या नंबरवर फोनही करायला सांगा.

आणि गेलंच तर रिसेलरशी हुज्जत घालत बसू नका. सरळ रजिस्ट्रारच्या तक्रार ईमेलवर लिहा, जुनी बिलं, पैसे भरल्याच्या नोंदी आणि जीएसटी प्रमाणपत्र जोडा, आणि निकाल लागेपर्यंत डोमेन गोठवायला सांगा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेलं की हेच काम दुप्पट किचकट होतं, तेव्हा मेल त्याच दिवशी जायला हवा.